एकाच गुन्ह्यातले आरोपी, वेगळे खटले

ठाण्यात कोर्ट नाक्यावरच्या जिल्हा न्यायालयात हे नेहमीचंच. पुकारा होतो, चार आरोपी उभे राहतात, त्यातले दोघे तळोजा जेलमधून आणलेले. पाचवा जामिनावर सुटला तो सुटलाच. त्याचं अजामीनपात्र वॉरंट ‘मिळून आला नाही’ या शेऱ्यासह परत आलेलं. मग त्याचा खटला वेगळा काढावा, असा अर्ज पडतो. आपल्याकडे सहआरोपींची फारकत बहुधा अशी होते. कोणाच्या बचावाला बाधा येते का, हा विचार मागेच राहतो.

कायद्याची सुरुवात मात्र त्याच काळजीतून झाली. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत प्रत्येक गुन्ह्याला वेगळा दोषारोप आणि वेगळा खटला हा नियम होता. एकाच घटनाक्रमातल्या आरोपींना एकत्र आणणारं कलम 239 हा अपवाद. 1901 मध्ये सुब्रमणिया अय्यर प्रकरणात दोन वर्षांतली 41 कृत्यं एका खटल्यात कोंबली म्हणून प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायपीठाने, अख्खी सुनावणीच बेकायदा ठरवली. 1938 मध्ये बाबूलाल चौखानी प्रकरणात तिथूनच नरमाईचा सूर आला: घटनाक्रम एक आहे की नाही, हे आरोपावरून पाहायचं, निकालावरून नाही. म्हणजे कट शेवटी सिद्ध झाला नाही, तरी एकत्र खटला मोडत नाही. 1973 च्या संहितेत हीच चौकट कलम 218 आणि 223 मध्ये आली. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमं 241 आणि 246 लागू आहेत. आता अपवादच नियमासारखा चालतो.

खरी मेख कबुलीजबाबात आहे. 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 30 सांगत होतं की, एकत्र खटला चालत असेल तर एकाची कबुली दुसऱ्याविरुद्धही विचारात घेता येते. कश्मीरा सिंग प्रकरणात 1952 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला लगाम घातला: आधी बाकीचा पुरावा तोला, मग हवा तर तिचा आधार घ्या. मोक्कात, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या महाराष्ट्राच्या कायद्यात, गोष्ट जास्त गंभीर, कारण तिथे पोलीस अधीक्षकापुढची कबुलीही सहआरोपीविरुद्ध चालते; अट एवढीच की दोघांवर त्याच खटल्यात एकत्र सुनावणी हवी. वेगळा खटला मागणाऱ्या वकिलाची नजर इथेच असते. फरार आरोपीची पळवाट मात्र जुन्या पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या साक्ष अधिनियमाने बुजवली: कलम 24 नुसार त्याच्या गैरहजेरीत इतरांवर चाललेला खटलाही, कबुलीपुरता, एकत्रच मानला जातो.

अल्पवयीनाचा प्रश्नच नाही. बाल न्याय कायद्याचं कलम 23 त्याला प्रौढांसोबत बसवूच देत नाही.

वेगळं काढण्याची किंमत मोठी. एका खटल्यातली साक्ष दुसऱ्यात वापरता येत नाही, हे ए. टी. मायदीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये पुन्हा बजावलं. 1993 च्या बॉम्बस्फोटांत मुख्य खटल्याचे निकाल 2006-07 मध्ये लागले. पोर्तुगालहून 2005 मध्ये आणलेला आणि नंतर तळोजात ठेवलेला अबू सालेम वेगळ्या खटल्यात दोषी ठरला तो जून 2017 मध्ये.