कोंबड्याची आक्रमकता व तिचे नियमन

कोंबड्याची आक्रमकता व तिचे नियमन : परसात पाळलेल्या लहान कळपातील वयात आलेल्या नराचे इतर नरांशी, माद्यांशी किंवा माणसांशी होणारे चढाऊ वर्तन आणि ते आटोक्यात ठेवण्याच्या रीती. व्यवहारात ‘कोंबडा मारका आहे’ एवढे म्हणून विषय संपवला जातो. परंतु दुसऱ्या नराशी झुंजणे, मादीला जखमी करणे आणि माणसाच्या अंगावर येणे या तिन्हींची कारणे पुष्कळ अंशी वेगवेगळी आहेत आणि एकीवरचा उपाय दुसरीला लागू पडेलच असे नाही.

उत्पत्ती व झुंजारपणाचा प्रश्न : पाळीव कोंबडी मुख्यतः तांबड्या रानकोंबड्यापासून (गॅलस गॅलस) आली, हे डार्विन यांनी १८६८ मध्ये मांडलेले मत आजही मूलतः मान्य आहे. मतभेद आहेत ते स्थळकाळाविषयी. सिंधू खोऱ्यातील व उत्तर चीनमधील अवशेषांवरून पूर्वी फार जुने काळ सुचवले गेले. चीनमधील काही हाडांना तर सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचा काळ दिला गेला. मात्र ती हाडे कोंबडीचीच आहेत का, यावर पुढे गंभीर आक्षेप आले. मातृवंशीय (फक्त आईकडून येणाऱ्या) डीएनएच्या आधारे १९९४ मध्ये थायलंड व लगतच्या प्रदेशातील एकच उगम सुचवला गेला. २००८ मध्ये पिवळ्या कातडीचे जनुक करड्या रानकोंबड्याकडून, म्हणजे वेगळ्याच जातीकडून, आल्याचे दिसले आणि एकाच पूर्वजाचे चित्र काहीसे ढळले. २०२० मधील विस्तृत जनुकीय अभ्यासाने नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड व म्यानमार या पट्ट्यातील तांबड्या रानकोंबड्याच्या स्पॅडिसियस या उपजातीला जवळचा पूर्वज ठरवले. २०२२ मध्ये झालेल्या पुरातत्त्वीय फेरतपासणीनुसार निःसंदिग्ध पाळीव कोंबडीचे सर्वांत जुने अवशेष थायलंडमधील बान नॉन वाट येथील असून त्यांचा काळ अंदाजे इ. स. पू. १६५०–१२५० असा येतो. भात व भरडधान्याच्या शेतीकडे रानकोंबड्या ओढल्या गेल्या, असे या मताचे प्रतिपादक मानतात. उपलब्ध पुराव्यात हेच मत अधिक सुसंगत वाटते.

कोंबडा प्रथम झुंजीसाठी पाळला गेला, मांस व अंडी यांचा विचार नंतर आला, असे एक जुने मत आहे. प्राचीन ब्रिटनमधील लोक कोंबडी खाणे निषिद्ध मानत आणि ती केवळ हौसेखातर पाळत, असे रोमन सेनानी सीझरने नोंदवले आहे. या मताच्या पुष्टीसाठी ते वचन हमखास पुढे केले जाते. पण त्यावरून युरोपातील एका उत्तरकालीन समाजाची रीत कळते, आग्नेय आशियातील मूळ हेतू नव्हे. झुंजीसाठी केलेल्या निवडीचा परिणाम सरसकट मारकेपणात झाला, हा या मताचा उपसिद्धांत तर खालील निरीक्षणांशी जुळत नाही.

शरीरक्रिया : कोंबड्याची झुंजार वृत्ती वृषणांशी निगडित आहे, हे जर्मनीतील गटिंगन येथील आर्नोल्ड बर्टहोल्ड यांनी १८४९ मध्ये दाखवले. त्यांनी सहा तरुण कोंबडे घेतले. ज्यांची वृषणे काढून टाकली त्यांचे तुरे लहान राहिले, आरवणे खुंटले, झुंजण्याची इच्छा मावळली. ज्यांचे वृषण मूळ जागेवरून सोडवून उदरपोकळीतच ठेवले, किंवा ज्यांना दुसऱ्याचे वृषण बसवले, ते मात्र पुरते कोंबडे झाले. त्यांना तुरा आला, ते आरवले आणि एकमेकांवर तुटून पडले. पुढे चिरून पाहता ते वृषण आतड्याला चिकटलेले होते. त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरल्या होत्या, पण जुन्या मज्जातंतूंशी त्याचा संबंध उरला नव्हता. अर्थात प्रभाव रक्तावाटे जात होता. अंतःस्रावशास्त्राचा (शरीरात रक्तावाटे पसरणाऱ्या स्रावांच्या शास्त्राचा) प्रारंभ अनेक जण या चार पानी लेखापासून मानतात. त्या स्रावाची, म्हणजे टेस्टोस्टेरॉनची, ओळख मात्र विसाव्या शतकात पटली. साधारणतः चार-पाच महिन्यांच्या वयात आणि लांबत्या दिवसांच्या ऋतूत त्याचे प्रमाण वाढते. कालपर्यंत हातावर बसणारे पिल्लू याच सुमारास एकाएकी पोटरीवर झेप घेऊ लागते.

कळपातील श्रेणी : नॉर्वेचे थोरलेफ शेल्डरप-एब्बे यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी कोंबड्यांमधील चोच मारण्याचा क्रम वर्णिला. नरांची व माद्यांची श्रेणी बहुधा स्वतंत्र असते. प्रौढ नर सर्व माद्यांवर वरचढ असला तरी त्यांना तो सहसा टोचत नाही. दोन अनोळखी नरांत वजन, तुऱ्याचा आकार, आधीचे जय-पराजय आणि जागेची ओळख यांवर निकाल लागतो. श्रेणी एकदा ठरली की नुसत्या नजरेने भागते. जपानमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहाटे प्रथम सर्वांत वरचा कोंबडा आरवतो आणि खालचे आपापल्या क्रमाने थांबून आरवतात, असे आढळले. काही दिवस वेगळा ठेवलेला कोंबडा परत सोडला की क्रम पुन्हा लढून ठरवावा लागतो. म्हणून मारक्या कोंबड्याला अधूनमधून कोंडण्याचा सर्रास सांगितला जाणारा उपाय जेथे दोन-तीन नर आहेत तेथे उलटतो.

माद्यांवरील आक्रमण : सामान्य कोंबडा दाणा सापडला की मान खालीवर करून बोलावतो आणि एक पंख पाडून मादीभोवती गिरकी घेतो. मांसासाठी निपजवलेल्या भारी वाणांच्या प्रजननात हा क्रम बिघडतो. नर पाठलाग करतात, माद्यांच्या डोक्याला व पाठीला जखमा होतात. मिलमन, डंकन व सहकाऱ्यांनी २००० मध्ये अशा नरांची तुलना अंड्यांच्या व झुंजीच्या वाणांशी केली. माद्यांना इजा करण्यात भारी वाणाचे नर पुढे होते. इतर नरांशी कडवे झुंजणारे झुंजीच्या वाणाचे नर माद्यांशी तसे वागत नव्हते. भारी वाणाच्या नरांना वाढीच्या काळात खाद्य तोलून, म्हणजे मर्यादित, दिले जाते; त्यांच्या मारकेपणाचे कारण म्हणून त्याच्याकडे बोट दाखवले जाई. त्याच संशोधकांच्या प्रयोगांत त्यास आधार मिळाला नाही. परसातील कळपात बहुतेक वेळा दोष संख्येचा असतो. एका नरामागे आठ ते दहा माद्या हे प्रमाण सर्वमान्य आहे. त्याहून माद्या कमी असल्या, किंवा कोंबड्याची एकच लाडकी असली, तर तिच्या पाठीची व मानेमागची पिसे झडून कातडी उघडी पडते. माद्या वाढवणे, जादा नर वेगळे करणे आणि आवारात उभे आडोसे ठेवणे हे यावरचे उपाय होत. केवळ नरांचा गट, माद्या नजरेआड असल्यास, आश्चर्य वाटावे इतका शांत राहू शकतो.

माणसांवरील आक्रमण : नियंत्रित प्रयोग येथे थोडे असून बरेचसे लेखन पाळणाऱ्यांच्या अनुभवावर उभे आहे. हल्ल्यापूर्वीची चिन्हे स्पष्ट असतात. कोंबडा अंगाची एक बाजू पुढे करतो, मानेची पिसे फुलवतो, पंख पाडून तिरप्या चालीने जवळ येतो, जमिनीवर खोटी चोच मारतो आणि मग दोन्ही पाय पुढे करून उडी घेतो. धरलेल्या कोंबडीचा ओरडा, घाईची हालचाल, हातातील बादली ही नेहमीची निमित्ते. पळाल्यास त्याला विजय मिळतो आणि लाथ मारल्यास झुंज स्वीकारली गेली असे होते, म्हणून दोन्ही टाळण्याचा सल्ला देतात. पाय न हलवता उभे राहावे, तो निवळल्यावर संथपणे आपल्या वाटेने जावे. उडीच घेतली तर पंख अंगाशी दाबून त्याला काखेत धरावे आणि धडपड थांबल्यावरच खाली सोडावे. उलटे टांगणे किंवा डोके जमिनीशी दाबणे याने तो दबलेला दिसतो. त्या वेळी तो बहुधा भयाने गोठलेला असतो, धडा शिकलेला नसतो.

हाताळून वाढवलेला कोंबडा माणसाळतो की माणसालाच प्रतिस्पर्धी मानतो, यावर दोन तट आहेत. क्रौट यांनी १९६४ मध्ये स्पॅडिसियस रानकोंबड्यांवरील अभ्यासात एकलकोंडे वाढवलेल्या नरांचे झुंजीचे व समागमाचे वर्तन विस्कळीत झालेले नोंदवले. तेव्हा गोंजारणे हे नव्हे, तर प्रौढ कोंबड्यांच्या संगतीविना वाढणे हे खरे कारण असावे, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

काटे व शस्त्रक्रिया : पायामागच्या काट्यात पायाच्या हाडाला जोडलेला हाडाचा गाभा व वर शृंगी (शिंगासारखे) आवरण असते. फक्त टोक कापून गुळगुळीत करावे. गाभ्याला धक्का लागल्यास रक्तस्राव व संसर्ग होतो. काट्याने झालेली जखम अरुंद पण खोल असते, त्यामुळे धनुर्वाताचा धोका विसरू नये. लहान मुलांच्या बाबतीत डोळ्यांची भीती अधिक. खच्चीकरणाने आक्रमकता घटते, पण वृषणे उदरात पाठीलगत असल्याने ही मोठी शस्त्रक्रिया ठरते. काही देशांत तिला मनाई आहे.

निवड : गुल, क्रेग व म्यूलर यांनी १९६० मध्ये आक्रमकतेसाठी निवडपैदास करून थोड्याच पिढ्यांत कमी-अधिक आक्रमक असे निराळे वंश तयार होतात हे दाखवले. परसातील कळपात बहुधा एकच नर सगळ्या पिलांचा बाप असतो. त्यामुळे शांत कोंबडा ठेवून मारका काढून टाकण्याचा परिणाम पुढच्या पिढीत लवकर उमटतो. ही पारख मात्र कोवळ्या वयात करू नये. वर्षाचा होईपर्यंत थांबावे.