लेडव्हिल 100: खाण बंद पडली म्हणून सुरू झालेली रेस

लेडव्हिल ट्रेल 100 एमटीबीला, म्हणजे 100 मैलांच्या माउंटन बाइक रेसला जायचं म्हटलं की पहिला विषय निघतो टायर कुठला आणि गिअर कुठला लावायचा याचा. पण ही रेस कुठल्या गरजेतून आली ते माहीत असेल तर तिचा रूट, तिचा कटऑफ (म्हणजे रेस पूर्ण करायची वेळमर्यादा), शेवटी बक्षीस म्हणून मिळणारं ते बेल्टचं बक्कल, सगळ्याचा अर्थ लागतो, म्हणून जरा मागचं सांगतो.

लेडव्हिल हे अमेरिकेत कोलोरॅडोमधलं रॉकी पर्वतातलं छोटं गाव, उंची जवळपास 3,100 मीटर. आपलं कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे तिथली स्टार्ट लाईनच कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर. 1870 च्या दशकाच्या शेवटी तिथे चांदी निघाली आणि गाव एकदम फुगलं, पुढे 1893 मध्ये चांदीचे भाव कोसळले आणि नंतर गाव तगलं ते मुख्यतः शेजारच्या क्लायमॅक्स खाणीवर. ही मोलिब्डेनमची खाण, पोलाद मजबूत करायला तो धातू लागतो. 1982 मध्ये मागणी पडली, खाण बंद झाली आणि तीन हजारांवर लोकांची नोकरी गेली. अख्खं गाव एकाच खाणीच्या पगारावर, त्यामुळे दुकानं, घरं, शाळा सगळ्यालाच फटका बसला.

त्या खाणीत काम करणारा केन क्लोबर. त्याचा हिशोब साधा होता, टूरिस्ट येतात, फोटो काढतात आणि निघून जातात, त्यांना गावात मुक्काम करायला लावलं तरच लॉज आणि हॉटेलवाल्यांच्या हातात चार पैसे पडतील. मग 100 मैलांची धावण्याची रेस ठेवायची, कारण एवढं धावणारा माणूस आदल्या रात्रीही राहणार आणि नंतरच्या रात्रीही! एवढ्या उंचीवर लोक मरतील असं गावातल्या हॉस्पिटलमधून त्याला सांगितलं गेलं, तरी 1983 मध्ये त्याने आणि त्याची सहकारी मेरिली मॉपिन हिने ती सुरू केलीच. 45 जण धावले, पूर्ण केली 10 जणांनी.

100 मैल आणि बक्कल ही कल्पना मात्र लेडव्हिलची नाही, ती आली घोड्यांकडून. कॅलिफोर्नियात 1955 पासून टेव्हिस कप नावाची घोड्यांची रेस होते, 100 मैल 24 तासांच्या आत केले की चांदीचं बक्कल. 1974 मध्ये गॉर्डी एन्सली घोडा न घेता तोच रूट पायी धावला, 24 तासांच्या आत पोचलासुद्धा, आणि त्यातून पुढे 100 मैल धावण्याच्या रेसेस निघाल्या. लेडव्हिलने तेच घेतलं आणि 1994 मध्ये सायकलला लावलं. वेळ अगदी बरोबर होती, कारण माउंटन बाइकची पहिली अधिकृत वर्ल्ड चॅम्पियनशिप 1990 मध्ये कोलोरॅडोतल्याच डुरँगोला झाली होती, आजूबाजूला सायकलवाले भरपूर होते. 12 तासांच्या आत आलात तर बक्कल, 9 तासांच्या आत आलात तर मोठं बक्कल.

रूट आउट अँड बॅक आहे, म्हणजे ज्या वाटेने गेलात त्याच वाटेने परत, आणि टर्न कुठे तर कोलंबाइन या जुन्या खाणीजवळ, जवळपास 3,800 मीटरवर, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशापेक्षाही कमी. तिथवरच्या चढाचा शेवटचा टप्पा झाडं उगवतात त्या उंचीच्याही वर, नुसते सुटे दगड, बहुतेक जण सायकल ढकलत चढत असतात आणि त्याच अरुंद वाटेवरून पुढचे रायडर सुसाट खाली येत असतात. पण लोक खरे मोडतात ते परतीच्या पॉवरलाइनवर. विजेच्या तारांखालचा रस्ता, जाताना मजेत उतरलेला, येताना 80 मैल पायात असताना तोच चढ समोर उभा, सुरुवातीच्या तुकड्याला ग्रेडियंट 20 टक्क्यांच्या वर. टेक्निकल सिंगलट्रॅक, म्हणजे एका सायकलपुरती अवघड पायवाट, फारशी नाही म्हणून काही जण या रेसला नावं ठेवतात, मला ते पटत नाही, खाणवाल्यांचे रस्ते होते त्यांच्यावरच ती उभी राहिली आणि तिची खरी परीक्षा हवा आणि वेळ ही आहे.

कोलोरॅडोतल्याच गनिसनचा डेव्ह वीन्स 2003 ते 2008 सलग सहा वेळा जिंकला, 2007 ला त्याने फ्लॉइड लँडिसला मागे टाकलं आणि 2008 ला लान्स आर्मस्ट्राँगला, दोघंही टूर द फ्रान्स गाजवलेले रायडर. माझ्या मते या रेसचा सगळ्यात सुंदर काळ तोच. 2009 मध्ये आर्मस्ट्राँग परत आला, मागचं टायर बसत चाललेलं असताना जिंकला, पुढे डोपिंगमुळे तो निकाल रद्द झाला, पण तोवर लेडव्हिलचं नाव जगभर झालं होतं आणि एंट्री लॉटरीने, म्हणजे चिठ्ठ्या काढून, द्यावी लागत होती. 2010 मध्ये लाइफ टाइम कंपनीने रेस विकत घेतली, 2015 मध्ये आल्बान लकाटा पहिल्यांदा 6 तासांच्या आत आला, 2023 मध्ये कीगन स्वेन्सनने रेकॉर्ड 5 तास 43 मिनिटांवर आणलं.

कंपनीकडे गेल्यावर रेस बदलली अशी जुन्या लोकांची तक्रार आहे आणि ती अगदीच खोटी नाही, गर्दी वाढली, प्रोफेशनल टीम्स आल्या. पण रेसच्याच नावाने चालणारं लेगसी फाउंडेशन आहे, ते गावातल्या हायस्कूलमधून पास होऊन पुढे शिकणाऱ्या मुलांना स्कॉलरशिप देतं. क्लायमॅक्स खाण 2012 मध्ये पुन्हा सुरू झाली, तरी ऑगस्टमध्ये गावात खोली हवी असेल तर आजही महिनोन् महिने आधी बुक करावी लागते.