नोझलचा ठोका की बेरिंगचा?

जुन्या तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरचं इंजिन ठोकायला लागलं की दोनच निदानं कानावर येतात: ‘नोझल मारतंय’ किंवा ‘बेरिंग गेलं’. ठोका सारखाच वाटतो, खर्चात मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

नोझल म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग. त्याची सुई अडकली किंवा ते थेंबथेंब गळू लागलं, की डिझेलचा नीट फवारा होत नाही. ते सिलिंडरमध्ये साचतं आणि एकदम भडकतं. हा ठोका कडक, हेडकडून येणारा. थंड इंजिनात जास्त, तापल्यावर कमी, आणि सोबत बहुतेकदा काळा धूर.

कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बेरिंगचं उलट असतं. थंड, घट्ट ऑइल झीज झाकून टाकतं. ऑइल तापून पातळ झालं की ठोका उघडा पडतो. आवाज जड, खाली चेंबरच्या (ऑइल साठतं त्या तळाच्या) बाजूने. रेस वाढवून एकदम सोडली की जास्त जाणवतो. गरम इंजिनात, आयडलला ऑइल प्रेशरचा काटाही खाली बसतो. लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकता येतं, पण बिडाचा ब्लॉक आवाज इकडून तिकडे नेतो. त्यावर एकट्यावर विसंबू नये.

खरी फसगत पुढे आहे. आयडलला एकेका नोझलच्या पाइपचा नट अर्धा आटा सैल करून सिलिंडर बंद करतात. ठोका थांबला की नोझलवर खापर! पण स्फोट बंद झाला की रॉडवरचा दाबही जातो, त्यामुळे बेरिंगचा ठोकाही दबतो. या चाचणीतून सिलिंडर कळतो, दोष नव्हे. (नटावर कापड धरा, हात लांब ठेवा, दाबातलं डिझेल कातडीत घुसतं. कॉमन रेल, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच अतिदाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या, इंजिनात हा प्रयोग करूच नका.)

म्हणून त्या सिलिंडरचं नोझल शेजारच्या सिलिंडरला लावा, तांब्याचा वॉशर नवा घालून. ठोका सोबत गेला तर नोझल टेस्टिंगला द्या. तिथेच राहिला तर बेरिंग किंवा गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी पिन). मग ट्रॅक्टर कामाला जुंपू नका, रॉड तुटून ब्लॉक फोडतो. ऑइल काढून चमकणारा चुरा बघा, चेंबर उतरवा, क्रँकची जर्नल (बेरिंग बसतं तो गोल भाग) मायक्रोमीटरने मापा. ती अंडाकृती झाली असेल तर 0.25 किंवा 0.50 मिमी ग्राइंड करून त्याच साइजचे शेल (बेरिंगचे अर्धगोल तुकडे) बसवावे लागतात. नुसते स्टँडर्ड शेल टाकले तर ठोका परत येतो.