रोमन सैनिकाचे कापड कुठे विरते?

1985 साली जर्मन इतिहासकार मार्कुस युंकेलमान आणि त्यांचे सहकारी सम्राट ऑगस्टसच्या काळातील सैनिकांचा पोशाख व शस्त्रे वागवत, इटलीतील व्हेरोनाहून आल्प्स ओलांडून जर्मनीतील आउग्सबुर्गपर्यंत सुमारे 500 किलोमीटर पायी गेले. संग्रहालयातील अवशेष पाहून वस्तूचा आकार कळतो. ती किती दिवस टिकते, हे मात्र ती वापरल्यावरच उमगते, आणि म्हणूनच अशा मोहिमांचे मोल मला फार वाटते.

झिजेचा ढोबळ नियम असा की दाब आणि घासले जाणारे अंतर वाढेल तशी झीज वाढते. त्यामुळे अंगरखा सगळीकडे सारखा विरत नाही. लोखंडी कड्यांच्या चिलखताचा भार जिथे पडतो ते खांदे, पट्ट्याने आवळलेली कंबर आणि हात हलताना घासणारी काख या जागा आधी पातळ होतात. चिलखताच्या कडेने मान सोलवटू नये म्हणून सैनिक गळ्याला रुमाल गुंडाळत, म्हणजे झीज त्या रुमालाने सोसायची.

धाग्यांचा स्वभावही इथे महत्त्वाचा आहे. लोकरीचा कोरडा तंतू तुटण्यापूर्वी साधारण 30 टक्के ताणला जातो, तर जवसाच्या झाडापासून काढलेला लिननचा तंतू जेमतेम 2 ते 3 टक्के. म्हणून लिनन भक्कम असूनही वारंवार दुमडणाऱ्या घडीवर चिरते. भिजल्यावर मात्र लिननची ताकद वाढते आणि लोकरीची घटते. शिवाय लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. घाम, ऊब आणि घर्षण एकत्र आले की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून नमद्यासारखे घट्ट होते. चिलखताचा गंज लिननवर उतरला, तर त्यातील लोहामुळे तंतूतील सेल्युलोजचे विघटन वेगाने होते.

सर्वाधिक हाल पादत्राणांचे होतात. ‘कॅलिगा’ या चपलेच्या तळाला लोखंडी खिळे ठोकलेले असत. मऊ मातीत ते पकड देतात, पण दगडावर घासून त्यांची डोकी झिजतात, आणि ओल्या चामड्यातली भोके सैल झाली की खिळे गळू लागतात. वेजेशियस या रोमन लेखकाच्या मते शिकाऊ सैनिकाने उन्हाळ्यातील 5 तासांत 20 रोमन मैल, म्हणजे जवळपास 30 किलोमीटर, चालायला हवे. या वेगाने चालणाऱ्या पायांखाली चामडे किती दिवस तग धरणार? ओस्टिया आणि पुतेओली या बंदरांतून रोमपर्यंत आळीपाळीने चालत येणाऱ्या आरमारी सैनिकांनी सम्राट व्हेस्पेशियनकडे जोड्यांसाठी भत्ता मागितला, तेव्हा त्याने त्यांना अनवाणी येण्याचा हुकूम दिला, असे रोमन चरित्रकार सुएटोनियस सांगतो.

इजिप्तमध्ये सापडलेल्या, इ.स. 81च्या सुमाराच्या एका पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावर, सैनिकांच्या पगाराचा हिशेब आहे. त्यातील एका सैनिकाच्या खात्यावर वर्षातल्या तिन्ही हप्त्यांत पादत्राणांसाठी प्रत्येकी 12 द्राख्मा (तेव्हाचे चलन) कापलेले दिसतात, तर कपड्यांची कपात दोनच हप्त्यांत आहे.