कामगारांची आत्मीयता व उत्पादकता

कारखान्यातील कामगाराचे कामात मन लागणे व त्याचा उत्पादनावर होणारा परिणाम. यालाच इंग्रजीत ‘एंगेजमेंट’ म्हणतात; त्यासाठी ‘सहभाग’ हा शब्द येथे टाळून ‘आत्मीयता’ वापरला आहे. संविधानाच्या ४३-अ कलमातील (४२वी दुरुस्ती, १९७६) ‘सहभाग’ हा व्यवस्थापनातील सहभाग असून तो वेगळा विषय आहे. आजच्या अर्थाने ‘एंगेजमेंट’ ही संज्ञा मानसशास्त्रज्ञ विल्यम कान यांच्या १९९०च्या शोधनिबंधापासून धरतात. कामाला अर्थ वाटणे, बोलल्याबद्दल त्रास होणार नाही अशी खात्री आणि अंगात त्राण शिल्लक असणे, अशा तीन अटी त्यांनी मांडल्या. मात्र त्यांची निरीक्षणे उन्हाळी शिबिर आणि वास्तुविशारदांच्या कचेरीतली होती, कारखान्यातली नव्हे.

कल्पनेचे मूळ बहुधा शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातील प्रयोगांत (सु. १९२४–३२) शोधले जाते. नुसते लक्ष पुरवल्याने उत्पादन वाढते, हा त्यातून काढलेला निष्कर्ष वादग्रस्त आहे. तेथील एका प्रयोगात रिले (टेलिफोन यंत्रणेतील विजेचे स्विच) जोडणाऱ्या पाच जणींपैकी दोघींना प्रयोग चालू असतानाच बदलण्यात आले होते. संशोधक ॲलेक्स कॅरी यांनी १९६७ साली यावरच बोट ठेवले. कारखान्यातला उजेड कमी-जास्त करून पाहिलेल्या दिव्यांच्या प्रयोगाचे मूळ आकडे पुढे नव्याने तपासले गेले, तेव्हाही परिणाम प्रचलित कथेइतका ठळक दिसला नाही. आपल्याकडच्या कारखान्यांना ब्रिटिश संशोधक ए. के. राइस यांचा अहमदाबादच्या कॅलिको मिलमधील प्रयोग (१९५३) अधिक जवळचा आहे. तेथे स्वयंचलित माग आले तरी उत्पादन वाढेना. मागांचा गट एकाच टोळीकडे सोपवल्यावर ते वाढले व खराब माल घटला. १९७०पर्यंत ही पद्धत काही शेडमध्ये टिकली, काहींत मोडली.

ठाण्याची वागळे इस्टेट आणि रबाळे, महापे, पावणे, तुर्भे हा ठाणे–बेलापूर पट्टा येथे छोटी वर्कशॉप व मोठे कारखाने शेजारीशेजारी आहेत. एकाच मशीनवर कायम आणि कंत्राटी कामगार वेगळ्या पगारावर उभे असणे, एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालची शेड तापणे, लोकलच्या गर्दीतून आल्यावर लगेच पाळी सुरू होणे, ही कामात मन न लागण्याची येथली नेहमीची कारणे. १९४८च्या कारखाने अधिनियमाने जादा कामाला दुप्पट दर ठरवला. घर या जादा कामाच्या (ओव्हरटाइम, ‘ओटी’) पैशांवर चालत असेल, तर जादा वेळेसाठी काम उरावे म्हणून नेहमीच्या पाळीत हात आखडता राहतो. त्याला आळस म्हणणे बरोबर नाही. पाळी बदलताना मशीनचे टूल घासून झिजल्याचे जाणाऱ्याने सांगितले नाही, की येणाऱ्याचा पहिला अर्धा तास सेटिंगमध्ये जातो, आणि कमी भरलेले नग रजिस्टरमध्ये त्याच्याच नावावर लागतात.