खुराड्याच्या जाळीतले टेनिस : प्लॅटफॉर्म टेनिसच्या विभागीय लढतींची पार्श्वभूमी

प्लॅटफॉर्म टेनिस म्हणजे जाळीने वेढलेल्या उंच चौथऱ्यावर, थंडीतही घराबाहेर खेळायचे टेनिस. अमेरिकेत त्याच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या तोंडावर ‘प्रेसिडेंट्स कप’ खेळला जातो. एरवी आपापल्या जोडीपुरते बघणारे खेळाडू तेव्हा विभागाच्या संघातून उतरतात. न्यू इंग्लंड, फिलाडेल्फिया, शिकागो इथली माणसे खेळतात एकच खेळ, पण सवयी निराळ्या. त्या निराळ्या का झाल्या, हे कळायला खेळाच्या चौथऱ्यापासूनच सुरुवात करावी लागते.

१९२८मध्ये, हिवाळ्याच्या तोंडावर, न्यूयॉर्कजवळच्या स्कार्सडेलमध्ये जेम्स कॉग्जवेल आणि फेसेंडेन ब्लँचर्ड या दोघांना थंडीतही घराबाहेर खेळता येईल असे काहीतरी हवे होते. कॉग्जवेल यांची जागा खडकाळ, उताराची. तिथे फळ्यांचा चौथरा उभा राहिला. बॅडमिंटन करून पाहिले, पण शटल वाऱ्यावर भरकटे. टिकली ती पॅडल टेनिस या छोट्या कोर्टावरच्या टेनिसची लाकडी बॅट आणि स्पंजचा चेंडू. बॅडमिंटनची एक खूण मात्र राहिली. आजचे कोर्ट ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद आहे, म्हणजे नेमके बॅडमिंटनच्या दुहेरीच्या कोर्टाएवढे. ज्या खेळाचे सुरुवातीचे नियम पुण्याच्या छावणीत ठरले, त्याची मापे अशी बर्फात पोचली!

चेंडू सारखा बाहेर जाई, म्हणून भोवती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली षट्कोनी जाळी आली. पुढे नियम झाला : कोर्टात टप्पा पडून जाळीवर आदळलेला चेंडू दुसरा टप्पा पडायच्या आत परतवता येतो. माझ्या मते या खेळाचा खरा जन्म या नियमातच आहे. चौथरा ६० बाय ३० फुटांचा, जाळी १२ फूट उंच. म्हणजे बेसलाइनमागे ८ फूट आणि बाजूला ५ फूट जागा उरते. एवढ्या जागेत जोरदार स्मॅशसुद्धा जाळीवरून परत हातात येतो. मग ताकदीपेक्षा चिकाटीला भाव चढला, उंच लॉब, म्हणजे समोरच्याच्या डोक्यावरून टाकलेला चेंडू, हे मुख्य हत्यार ठरले आणि खेळ जवळजवळ पूर्णपणे दुहेरीचा झाला. सर्व्हिसही एकच मिळते. चुकली की गुण गेला. दोन मिळत्या, तर पहिली बिनधास्त हाणून नेटवर धावणाऱ्याला आवरणे अवघड होते.

१९३१मध्ये स्कार्सडेलच्या फॉक्स मेडो टेनिस क्लबने हा खेळ उचलला. १९३४मध्ये संघटना झाली, १९३५मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा. नाव तेव्हा ‘अमेरिकन पॅडल टेनिस असोसिएशन’. ‘प्लॅटफॉर्म’ हा शब्द १९५०मध्ये आला. (मुंबई-पुण्यात सध्या काचेच्या भिंतींत खेळतात ते पॅडल वेगळे. ते मेक्सिकोतले आणि कितीतरी नंतरचे.) ‘राष्ट्रीय’ म्हटले तरी सुरुवातीचा कारभार न्यूयॉर्कच्या आसपासचाच होता. शिकागोच्या उपनगरांत खेळ रुजल्यावर विभाग या शब्दाला खरा अर्थ आला.

सांघिक लढतीचा पाया क्लबांच्या लीगमध्ये आहे. नेहमीची पद्धत अशी : चार जोड्या, क्रमाने समोरासमोर, प्रत्येक सामना तीन सेटचा. शेजारशेजारी चार कोर्ट आणि मध्ये शेकोटीची खोली असली की आठ जणांचा संघ एका संध्याकाळीच मोकळा होतो. भांडण ठरलेले, क्रमवारीचे. कप्तान भक्कम जोडी मुद्दाम खाली खेळवतो आणि तिथला विजय खिशात घालतो. खेळाडूंचे गुणांकन ठेवायची गरज त्यातूनच वाढली.

विभागाविभागांत फरक पडतो तो हवेमुळे आणि कोर्टाच्या देखभालीमुळे. कडाक्याच्या थंडीत रबरी चेंडू दगडासारखा होतो, टप्पा खाली राहतो. उन्हाच्या दुपारी तोच चेंडू उसळतो आणि लॉब मारणारा सुखावतो. लाकडाच्या जागी ॲल्युमिनियमचे चौथरे आले, खाली गॅसचे हीटर बसले. बर्फ वितळतो, उरलेला जाळीच्या बुडाशी असलेल्या उघडत्या फळ्यांतून बाहेर ढकलतात. हीटर लवकर बंद केला, तर वितळलेले पाणी पुन्हा गोठते आणि बर्फाहून घातक पापुद्रा तयार होतो. पृष्ठभागाच्या रंगात खरखरीत कण मिसळलेले असतात. ते झिजले की पाय सटकतो. नवे असले की चेंडूवरची लव लवकर जाते.

जाळीचे तर विचारूच नका. ताणलेल्या जाळीवरून चेंडू कोर्टात लांब परत येतो, मागे थांबून निवांत मारता येतो. सैल जाळीवर तो तिथेच मरतो आणि पायाशी सरळ खाली पडतो. जाळीला चिकटून, गुडघे वाकवून उचलावा लागतो. म्हणून जाणता पाहुणा संघ सरावात आधी समोरच्या जोडीकडे बघत नाही. चारही कोपऱ्यांत, खाली आणि खांद्याच्या उंचीवर, दोन-दोन चेंडू जाळीवर मारून बघतो.