विज्ञानकथा मालिकांतला करडा रंग 2004 चा नव्हे

2004 च्या ‘बॅटलस्टार गॅलेक्टिका’नेच विज्ञानकथा मालिकांत नैतिक गुंतागुंत आणली, त्याआधी सगळे नायक धुतल्या तांदळासारखे होते, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही.

1978 मध्येच बीबीसीच्या ‘ब्लेक्स सेव्हन’मध्ये जुलमी सत्तेशी लढणाऱ्या टोळीत चोर आणि अफरातफर करणारे होते. 1998 मध्ये ‘स्टार ट्रेक’ मालिकांपैकी ‘डीप स्पेस नाईन’चा कॅप्टन सिस्को युद्ध जिंकण्यासाठी बनावट पुरावा तयार करवतो. त्यातून खून होतात आणि तो ते पचवतो. आदर्शवादी मानल्या जाणाऱ्या स्टारफ्लीट या अंतराळदलाचा अधिकारी, तरीही!

पण सगळ्यात खोल जातो तो नव्वदच्या दशकातल्या ‘बॅबिलॉन 5’ मालिकेचा लोंडो मोलारी. आपल्या साम्राज्याचं गतवैभव परत मिळावं म्हणून तो शॅडो या प्राचीन, विध्वंसक परग्रहवासी जमातीशी हातमिळवणी करतो. त्यातून नार्न या शत्रू जमातीच्या ग्रहावर बॉम्बवर्षाव होतो आणि तो खिडकीतून पाहत राहतो. पुढे तोच आपल्या वेड्या सम्राटाच्या हत्येचा कट रचून नार्नांना मुक्त करतो. पण म्हणून त्याचं पाप धुतलं जात नाही. नार्नांचा नेता जी’कार त्याला क्षमा करतो तीही स्वतःपुरती, आपल्या लोकांच्या वतीने नाही. मालिकेच्या लेखकाचा हा प्रामाणिकपणा मला फार मोठा वाटतो. ‘गॅलेक्टिका’ उत्तमच आहे, पण ही वाट आधीच मळलेली होती.